बाबांकडे ठेवलेला आकडा

९ जानेवारी

ही वही गेल्या वर्षी रोजचं चालणं लिहून ठेवायला घेतली होती. चालणं चार पानांत आटोपलं, वही तेवढी कोरी राहिली. आता ती कामाच्या कटकटींसाठी वापरते.

आज संस्थेत आमच्या भौतिकशास्त्र गटाच्या बैठकीत ठरलं की या वेळचा हिशेब झाकून करायचा. ही आमच्या धंद्यातली रीत. उत्तर साधारण किती यायला हवं हे आधी ठाऊक असलं की माणूस नकळत तिकडेच झुकतो, आणि ते आल्याबरोबर चुका शोधणं थांबवतो. म्हणून एका तिऱ्हाईताने सगळ्या उत्तरांना एका गुप्त आकड्याने गुणून ठेवायचं. तो आकडा एकाच्या जरा वर किंवा जरा खाली. मी गुणलेल्या उत्तरांवरच काम करायचं. सगळं पक्कं झालं की त्याने आकडा सांगायचा, मी भागाकार करायचा, आणि जे येईल ते गपगुमान छापायचं. आवडलं नाही म्हणून मागे फिरायचं नाही.

तिऱ्हाईत म्हणून बाईंनी बाबांचं नाव काढलं. बाई आमच्या गटप्रमुख, आणि एकेकाळच्या बाबांच्या विद्यार्थिनी.

"सर? अहो, ही आणि सर एका टेबलावर जेवतात!" लांबड्या म्हणाला. लांबड्या माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि माझ्याआधी सगळ्या विषयांवर बोलतो.

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "हिचे पेपर सरांनी तपासले होते तेव्हासुद्धा हिला निकाल फलकावरच बघावा लागला होता. त्यांच्या पोटातून काही निघायचं नाही."

हे खरं आहे. तो राग माझ्या मनात अजून आहे.

बाबांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कॉरिडॉरच्या टोकाची एक खोली संस्थेने त्यांना ठेवू दिली आहे. त्यांना सांगितलं तर चेहरा उजळला. आकडा कुठे लिहिणार, असं बाईंनी विचारलं तर म्हणाले, "लिहिला की तो गुप्त राहत नाही," आणि कपाळावर टिचकी मारली. गुणण्याआधीची मूळ फाइल फक्त त्यांच्या खात्यात राहील.

माझी नेमणूक या वर्षाअखेर संपते. हे उत्तर वेळेत बाहेर पडलं आणि चार लोकांनी त्याकडे बघितलं तर ती वाढेल. नाही तर गाशा गुंडाळायचा.

१६ जानेवारी

नियमाचा पहिला परिणाम: जेवताना आम्हा दोघांना बोलायला विषय नाही.

आई गेल्यापासून या टेबलावर फक्त भौतिकशास्त्र वाढलं जातं. आज सूप, पाव आणि शांतता. जे साध्या भाषेत लिहिता येत नाही ते कळलेलं नसतं, असा बाबांचा जुना धोशा आहे, म्हणून जे त्यांच्याशी बोलले असते ते इथे लिहिते.

अणूच्या गाभ्यातले कण ज्या आणखी बारीक कणांचे बनतात ते क्वार्क; त्यातल्या सगळ्यात हलक्या दोघांचं सरासरी वस्तुमान आम्ही काढतोय. वजनच म्हणू, वही माझी आहे. क्वार्क कधी एकटा बाहेर पडत नाही, त्यामुळे त्याला तराजूत घालता येत नाही. क्वार्क डावी गिरकी घेणारा असतो किंवा उजवी. त्याला वजन अजिबात नसतं तर डावे आणि उजवे एकाच इमारतीत राहूनही एकमेकांच्या दारात गेले नसते. ही ती सममिती. पण आपण जिला रिकामी जागा म्हणतो ती रिकामी नाहीच, ती डाव्या-उजव्यांच्या जोड्यांनी खच्चून भरलेली आहे. त्यामुळे कोणी न मोडता ती सममिती मोडते. आपल्या शरीराचं जवळजवळ सगळं वजन त्या मोडण्यातून येतं, क्वार्कच्या स्वतःच्या वजनाचा वाटा चिमूटभर. आणि त्या मोडण्यावर उठणारा हलका तरंग म्हणजे पायॉन हा कण. क्वार्कला वजन नसतं तर पायॉनलाही नसतं. म्हणून पायॉन किती जड त्यावरून क्वार्क किती जड हे काढायचं.

मला हे लहानपणी याच टेबलावर कळलं होतं. की कळल्यासारखं वाटलं होतं, कोण जाणे.

४ फेब्रुवारी

डोक्याला ताप. हलक्या क्वार्कचा हिशेब करायला यंत्राला फार वेळ लागतो, म्हणून आधी जड क्वार्क घेऊन करतात आणि टप्प्याटप्प्याने खाली उतरतात. बिंदू सरळ रेषेत उतरायला हवेत. माझे उतरतात, आणि अगदी खालच्या टोकाला वाकतात. का वाकतात, कळत नाही. आज न राहवून जेवताना विचारलं, "बाबा, खालच्या टोकाला वाक येतो ना, तो..."

त्यांनी हात वर केला. "नियम आहे."

मी ओशाळले. विषय बदलावा म्हणून म्हटलं, "बरं, दूध उतरवलंत का?"

"तेही सांगता येणार नाही."

इतकी हसले की ठसका लागला. दूध अर्थातच उतू जाऊन गॅसवर करपलं होतं. वय वाढेल तसे बाबा खट्याळ होत चाललेत. आता काहीही विचारलं की तेच: चष्मा कुठे, नियम आहे. फोन कोणाचा होता, नियम आहे.

११ फेब्रुवारी

ताईचा फोन. ती परगावी असते आणि तिथून काळजी करते.

"बाबांनी एकाच फोनमध्ये मला दोनदा विचारलं, तुझा थोरला कितवीत आहे म्हणून."

"त्यांचं लक्ष नसेल. त्यांच्या डोक्यात माझा आकडा आहे."

"एक आकडा धरून ठेवायला माणसाला एवढं काय लागतं गं?"

ताईने गणित शाळेतच सोडलं. तिला काय सांगणार!

२ मार्च

आज एक विचित्र गोष्ट झाली. बाबा माझ्या खोलीत आले, पडद्यावरचा आलेख बघत उभे राहिले. बराच वेळ. कपाळाला आठ्या. मग एका बिंदूवर बोट ठेवून म्हणाले, "हे काय आहे?" आणि मी तोंड उघडायच्या आत निघून गेले.

दिवसभर मी त्या "हे काय आहे"चा कीस पाडला. म्हणजे वाक चुकीचा आहे? खरं उत्तर त्यांना आकडा ठाऊक असल्यामुळे दिसतंय, आणि ते भलतंच आहे, आणि त्यांना राहवलं नाही? एवढ्या कडक माणसाच्या तोंडून तीन शब्द निसटले म्हणजे प्रकरण गंभीर असणार. मी तो खालचा बिंदू काढून टाकून बघितला. मग परत घातला.

लांबड्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू सरांच्या कपाळावरून झाकलेलं उघडायला बघतेयस. नियम त्यांनी नाही, तू मोडतेयस."

लांबड्या क्वचित बरोबर असतो, पण असतो. तेव्हा आजपासून बाबांच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही. जेवायलाही वेगळ्या वेळी बसेन. उत्तर उघडेपर्यंतच तर प्रश्न आहे.

१९ मार्च

बाबा आज एका पायात काळा आणि एका पायात तपकिरी बूट घालून संस्थेत आले. बाईंनी दाखवून दिलं तर खाली बघून म्हणाले, "डाव्या-उजव्याची सममिती मोडली." अख्खा कॉरिडॉर हसला. अशी हजरजबाबी माणसं आता होत नाहीत, असं बाई म्हणाल्या.

८ एप्रिल

सुटलं! वाक खरा आहे. पायॉन स्वतःच स्वतःभोवती आणखी पायॉनचा घोळका जमवत राहतो, त्याचा तो परिणाम. सिद्धांतात तो असायलाच हवा, आणि माझ्या बिंदूंमध्ये तो हवा तेवढाच आहे. म्हणजे बाबांच्या आठ्या याबद्दल नव्हत्या. मग कशाबद्दल होत्या?

असो. झाकलेलं उत्तर पक्कं: ३.०८, आमच्या नेहमीच्या एककात. बाईंनी सही केली. पुढच्या आठवड्यात उघडायचं. घरी येऊन दारातूनच ओरडले, "बाबा, आकडा तयार ठेवा!"

"कसला आकडा?"

मी चपला काढता काढता थांबले. लगेच म्हणाले, "हो हो, तयार आहे. तयारच आहे." केवढा ताबा! आकडा आहे हेसुद्धा चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर पहिल्याच आठवड्यात फुटले असते.

१५ एप्रिल

आज उघडलं.

सगळा गट जमला. बाबा पांढरा सदरा घालून, नीट भांग पाडून आले होते. बाई म्हणाल्या, "सर, सांगा." बाबांनी सदऱ्याची बाही नीट केली. मग म्हणाले, "आधी हिचं उत्तर फळ्यावर लिहा." मी लिहिलं: ३.०८. ते बघत राहिले. ओठ हलत होते. खोलीत सगळे हसऱ्या चेहऱ्याने थांबलेले, कारण बाबांना नाटक आवडतं.

"एक पूर्णांक एक," ते म्हणाले.

मी भागलं. २.८०.

कोणी टाळी वाजवली नाही. जगातल्या सगळ्या गटांची उत्तरं ३.४ च्या आसपास आहेत. आम्ही जवळजवळ एक पंचमांशाने खाली, आणि माझ्या हिशेबातली अनिश्चितता जेमतेम तीन टक्के. बाई खुर्चीत बसल्या. लांबड्यासुद्धा गप्प होता, यावरून काय ते समजावं. बाबा तेवढे समाधानाने मान हलवत होते.

१६ एप्रिल

एकतर सगळं जग चुकलंय, नाहीतर मी. पैज कशावर लावावी हे सांगायला नको.

२४ एप्रिल

चूक सापडत नाही. पहिल्या ओळीपासून सगळं पुन्हा तपासलं. लांबड्याने स्वतःच्या पद्धतीने वेगळं करून बघितलं, त्यालाही ३.०८ च.

दरम्यान बातमी संचालकांच्या कानावर गेली. त्यांनी मला बोलावून चहा पाजला. आजवर त्यांनी मला लिफ्टमध्येही ओळखलं नव्हतं. एक महिना तपासा, मग मोठ्या परिषदेत जाहीर करा, म्हणाले. नेमणुकीची काळजी करू नका, असंही म्हणाले. मला आनंद व्हायला हवा. होत नाहीये. बरोबर उत्तर आल्यावर माणसाला असं वाटतं का?

संध्याकाळी बाबांना विचारलं, "नक्की एक पूर्णांक एकच होता ना?"

त्यांनी चमचा टेबलावर आपटला. "माझ्या डोक्याबद्दल शंका घेतेस? तू?" आवाज एवढा चढला की शेजारच्यांचा टीव्ही बंद झाला. मला रडूच आलं. मी माझ्या खोलीत जाऊन बसले. थोड्या वेळाने ते दारात आले, हातात सोललेलं संत्रं. म्हणाले, "आपण कशावरून भांडलो गं?"

त्यांना समेट करायचा होता, हे कळलं. संत्रं खाल्लं.

३ मे

ताई राहायला आली आहे. आज कितीतरी दिवसांनी तिघं एकत्र जेवलो. बाबा खुशीत होते. ताई मला चिडवायला म्हणाली, "बाबा, हिच्या त्या क्वार्कचं वजन तरी किती हो, ज्यासाठी ही आमच्याकडे दोन वर्षं फिरकली नाही?"

"दोन पूर्णांक आठ," बाबा म्हणाले. पापणी लवली नाही.

"ते आमचं नवीन उत्तर, ताई," मी म्हटलं. "बाकीच्यांचं वेगळं आहे."

"नवीन कसलं? मी दर वर्षी शिकवतो तेच." बाबा पाव मोडत होते. "दोन पूर्णांक आठ. परीक्षेत विचारतो. तुला पाठ नाही?"

मला पाठ होतं. बाबांच्या शेवटच्या वर्गात मी पहिल्या बाकावर होते. तेव्हा तेच उत्तर मान्य होतं. नंतर यंत्रं सुधारली, वाक नीट हाताळता आला, आणि आकडा चढत ३.४ वर गेला. तो चढला तेव्हा बाबांनीच मला बातमी दिली होती.

बोटाने टेबलावर भागाकार केला. ३.०८ भागिले २.८. एक पूर्णांक एक. वर काही नाही, खाली काही नाही.

मी चमचा खाली ठेवला. ताई बाबांना सांगत होती की तिचा थोरला आठवीत आहे. बाबा म्हणाले, अरे वा. मग त्यांनी विचारलं, थोरला कितवीत आहे?

५ मे

त्यांना आकडा आठवला नाही. फळ्यावर माझं उत्तर बघितलं, यायला हवं ते उत्तर आठवलं, आणि उभ्या उभ्या मनात भागाकार केला. भागाकार बरोबर आहे. फक्त यायला हवं ते उत्तर त्यांच्या निवृत्तीच्या वर्षीचं आहे.

आता मागचं सगळं वेगळं दिसतंय आणि नकोसं होतंय. आलेखासमोर उभे होते तेव्हा ते मला इशारा देत नव्हते. "हे काय आहे" म्हणजे हे काय आहे. त्यांना कळत नव्हतं आणि त्यांनी विचारलं. आणि मी, हुशार मुलगी, त्यावरून नियम काढला की त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही. ताईला परगावातून फोनवर दिसलं, मला भिंतीपलीकडून दिसलं नाही. राग येतोय. त्यांचा येतोय हे जास्त वाईट आहे. सांगायचं होतं ना एकदा!

आता काय? गप्प राहिले तर २.८ छापून येईल. सगळे तुटून पडतील, पण चूक माझ्या हिशेबात नाही, त्यामुळे ती सापडायला वर्ष-दोन वर्षं जातील. तोवर माझी नेमणूक पक्की, आणि बाबा ते बाबाच. नाहीतर त्यांची मूळ फाइल उघडून घ्यायची. संगणक केंद्रवाले बाईंच्या सहीने उघडतील. पण मग का उघडायची ते सांगावं लागेल. ज्या कॉरिडॉरमधले निम्मे लोक त्यांनी घडवले, तिथे.

मधला मार्ग सुचलाय. मी म्हणेन, मीच चुकीची फाइल वापरली. ढोबळ चूक झाली. मूळ फाइल परत घ्यावी लागेल. ढोबळ चूक करणारीला नेमणूक कोण देतं, हा प्रश्न आहे. पण बाबांना कोणी काही विचारणार नाही.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "आधी डॉक्टर." मी म्हटलं, आधी बैठक.

८ मे

बाबा येणार नाहीत असं बघितलं होतं. त्यांना बैठकीची वेळ सांगितलीच नव्हती. तरी आले आणि मागच्या खुर्चीत बसले.

मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. चुकीची फाइल. माझं दुर्लक्ष. बाईंचा चेहरा पडला. "इतकी ढोबळ? तू?" लांबड्या माझ्याकडे बघत होता. त्याने तोच हिशेब त्याच फाइलवर केला होता, त्याला ठाऊक होतं की मी थापा मारतेय. तो काही बोलला नाही. लांबड्या!

"थांब," मागून बाबा म्हणाले. उठून उभे राहिले, खुर्चीची पाठ धरून. "हिने चूक केलेली नाही. आकडा मला आठवत नव्हता."

लांबड्याने पुढ्यातली वही मिटली.

"हिचं उत्तर बघितलं, आणि काय यायला हवं त्यावरून काढला. तुम्ही सगळे थांबला होतात ना."

"सर, जाऊ दे, बसा ना," बाई म्हणाल्या. त्या अर्ध्या उठल्या होत्या.

"जाऊ कसं दे? उत्तर चुकलं तर दुरुस्त होतं. पण चूक भलत्या जागी दाखवली तर लोक वर्षभर तिथे खणत बसतील. चूक जिथे आहे तिथे लिहा. माझ्या नावावर लिहा." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "हे तुला मी शिकवलं नव्हतं का?"

शिकवलं होतं, बाबा.

बाईंनी सही केली. दुपारी फाइल उघडली. खरा आकडा होता ०.९१. उत्तर ३.३८. जगात सगळ्यांचं येतं तेच. बरोबर, आणि कोणाला दखलही घ्यावीशी वाटणार नाही असं. संचालकांचा निरोप आला की परिषदेची घाई नाही. नेमणुकीबद्दल "बघू". लांबड्याने फळा पुसला आणि नंतर उगाच परत पुसला.

परतताना बसमध्ये बाबा खिडकीपाशी बसले होते. म्हणाले, "आजची बैठक कशाबद्दल होती?" मी सांगितलं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि म्हणाले, "शहाणा दिसतो तो माणूस." आता हे विसरणं होतं की खट्याळपणा? चेहऱ्याकडे अगदी नीट बघितलं. तरी कळलं नाही.

२२ मे

डॉक्टर. ताई सुट्टी वाढवून थांबली होती, पण आत एकच जण चालेल म्हणाले. मी गेले.

छोटी खोली, टेबल, तीन खुर्च्या. डॉक्टर माझ्यापेक्षा लहान. म्हणाले, शंभरातून सात वजा करत चला. बाबा सुटलेच. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. डॉक्टरांना पाचव्याला थांबवायचं होतं, पण बाबांना तोडणं जमलं नाही. नऊ, दोन, उणे पाच, उणे बारा. "पुरे, पुरे," डॉक्टर हसत म्हणाले. बाबाही हसले.

मग आजची तारीख विचारली. बाबा खिडकीकडे बघत राहिले. महिना विचारला. वर्ष विचारलं. त्यांनी सांगितलेलं वर्ष निवृत्तीच्या आसपासचं होतं. आधी तीन शब्द लक्षात ठेवायला दिले होते. त्यातला एक आठवला, तोही डॉक्टरांनी पहिलं अक्षर सांगितल्यावर. बाबांचे हात मांडीवर एकमेकांना धरून बसले होते. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"बरं," डॉक्टर म्हणाले, "आज तुमच्यासोबत कोण आलंय?"

बाबा माझ्याकडे वळले. बराच वेळ बघितलं. मीही बघितलं, नजर हलवली नाही. आजवर लोकांना ओळख करून देताना ते कायम "ही आमची धाकटी" एवढंच म्हणत आलेत. मोठमोठ्या लोकांसमोरसुद्धा, माझ्या नावावर शोधनिबंध असतानासुद्धा, आमची धाकटी.

"ही माझी सहकारी," बाबा म्हणाले. "तिचं काम चोख असतं."

डॉक्टरांचं पेन कागदावर थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बरोबर की चूक, एवढंच त्यांना लिहायचं होतं.

"बरोबर आहे," मी म्हणाले.